जमीन नावाची तार

१८३८ साली म्युनिकचे प्राध्यापक कार्ल ऑगस्ट स्टाइनहाइल यांनी न्यूरेम्बर्ग ते फ्यूर्थ या रेल्वेमार्गाचे रूळच तारायंत्राची तार म्हणून वापरून पाहिले. एका रुळातून करंट जाईल आणि दुसऱ्यातून परत येईल, असा त्यांचा हिशेब होता. तो जमला नाही. रूळ जमिनीला टेकलेले असल्यामुळे करंट पलीकडच्या स्टेशनापर्यंत जायच्या आतच मधल्या मातीतून दुसऱ्या रुळात पोचत होता. दुसरा कोणी असता तर वैतागून प्रयोग सोडून मोकळा झाला असता. स्टाइनहाइल यांच्या मात्र लक्षात आलं, की जमीन वीज वाहून नेत असेल तर परतीची तार हवीच कशाला? दोन्ही टोकांना धातूचे पत्रे पुरले आणि एकाच तारेवर तारायंत्र चाललं. पुढच्याच वर्षी कोलकात्यात विल्यम ओ'शॉनेसी यांनी आपल्या प्रायोगिक तारायंत्राच्या मार्गात हुगळी नदीचं पाणीच घेतलं, आणि संदेश नदीतूनही गेला.

हीच युक्ती पुढे विजेच्या पुरवठ्यातही आली. १९२५ च्या सुमारास न्यूझीलंडचे अभियंते लॉइड मंडेनो यांनी दूरच्या शेतांना वीज द्यायला एकच तार आणि परतीला जमीन अशी रचना मांडली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा एकतारी वाहिन्या दोन लाख किलोमीटरच्या घरात आहेत.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आपल्याकडे अर्थिंगबद्दल एक समजूत घट्ट बसली आहे. मोटरच्या बॉडीत करंट उतरला, की तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जातो आणि तिथे जिरतो, अशी ती समजूत. जमीन एवढी मोठी, ती सगळं पोटात घेते! पण करंट जमिनीत जिरत नाही. डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, निघालेला करंट डीपीतच परत जातो, आणि परतीची वाट बंद असेल तर तो निघतच नाही. माती ही त्या वाटेवरची एक तार आहे, आणि तीही बेभरवशाची. शेतातले, गोठ्यातले, विहिरीतले बहुतेक विजेचे अपघात या एका गोष्टीतून उलगडत जातात.

डीपीच्या आत तीन वेटोळ्यांची एकेक टोकं एका बिंदूत जोडलेली असतात. त्या बिंदूतून न्यूट्रल निघतो, आणि तोच बिंदू डीपीच्या खाली खड्डा करून जमिनीलाही जोडलेला असतो. आता एखाद्या शेतातल्या मोटरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज बॉडीला लागला, की करंटची वाट अशी होते: फेजच्या तारेतून मोटरची बॉडी, तिथून शेतातल्या अर्थिंगचा पाइप, मग दोन-तीनशे मीटर माती, डीपीखालचं अर्थिंग आणि शेवटी न्यूट्रलचा बिंदू.

इथे चाणाक्ष वाचक विचारील, मग न्यूट्रल जमिनीला जोडायचाच कशाला? न जोडला तर परतीची वाटच राहणार नाही आणि कोणाला शॉकही बसणार नाही. पहिल्या बिघाडापुरतं हे खरंही आहे. पण ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला ११ हजार व्होल्ट असतात. आतलं इन्सुलेशन फुटून ते घरगुती तारांवर आले तर त्यांना अडवणारं काही उरणार नाही. शिवाय पहिला बिघाड कोणाच्या लक्षात न येता तसाच राहील आणि दुसरा बिघाड थेट माणसाच्या हातात होईल. म्हणून न्यूट्रल जमिनीला बांधतात.

आता थोडं गणित करू. शेतातल्या अर्थिंगचा रोध २० ओम आणि डीपीखालच्या अर्थिंगचा ५ ओम धरा. आपल्याकडच्या कित्येक शेतांच्या मानाने २० ओम ही चांगलीच स्थिती म्हणायची. फेजचा दाब २३० व्होल्ट. एकूण रोध २५ ओम, म्हणजे करंट ९.२ अँपिअर. पाच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भाराला आठेक अँपिअर घेते, आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. त्यामुळे फ्यूजला तार नेहमी जाडच घातलेली असते. ९.२ अँपिअरला ती गरमसुद्धा होत नाही. फ्यूज जात नाही, मोटर चालू राहते, पाणी पडत राहतं. आणि मोटरच्या बॉडीवर किती व्होल्ट असतात? ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४. अर्थिंग केलेलं आहे, कोळसा-मीठ घातलेलं आहे, वायरमनने पाहून ठीक म्हटलेलं आहे, आणि तरीही बॉडीला हात लावणारा माणूस मरू शकतो.

१८४ हा आकडा पुन्हा एकदा वाचावा, अशी विनंती आहे. 'अर्थिंग आहे ना, मग काय भीती?' या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

रोध ठरतो मातीवर. अडीच मीटर लांबीचा, सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा पुरायचा, ही आपली रूढ पद्धत. अर्थिंगच्या भारतीय मानकातही, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, साधारण हेच माप आहे. ओल्या काळ्या चिकणमातीत अशा पाइपाचा रोध साडेतीन ओमच्या आसपास येतो. तोच पाइप दहापट जास्त रोधकता असलेल्या कोरड्या मुरमाड जमिनीत ३५ ओम दाखवतो, आणि शंभरपट असलेल्या कातळात ३५० ओम. पाइप तोच, मजुरीही तीच, फरक फक्त जमिनीचा. सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग करणाऱ्या वायरमनचा यात काही दोष नसतो.

काळ्या जमिनीचंही फार कौतुक करायला नको. पावसाळ्यात साडेतीन ओम देणारी ही माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, पाइपापासून सुटते आणि रोध कितीतरी पटीने वाढतो. कोळसा ओल धरून ठेवतो आणि मीठ भोवतालची माती विजेला सोपी करतं, हे खरं. पण मीठ दर पावसाळ्यात विरघळून खाली जातं, आणि जाताना पाइपालाही खातं. पाच-सात वर्षांनी खड्डा उकरला तर पुष्कळदा पाइपाच्या जागी गंजाची नळी सापडते. वरची पट्टी मात्र रंग लावलेली, ठाकठीक असते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची जुन्या लोकांची सवय अजिबात वेडगळ नव्हती.

या पाइपाभोवतीच्या जमिनीत काय होतं, ते गुरांना आधी कळतं. मघाच्या बिघाडातले १८४ व्होल्ट पाइपापाशी असतात आणि दूर जाताना कमी होत जातात, पण सारख्या प्रमाणात नाही. सगळ्यात मोठी घसरण पहिल्या एक-दोन मीटरमध्येच होते. माती सगळीकडे सारखी धरून हिशेब केला, तर पाइपापासून अर्ध्या मीटरवर सुमारे ७७ व्होल्ट राहतात आणि दोन मीटरवर सुमारे ३५. आता एक गाय पाइपाकडे तोंड करून उभी आहे. पुढचे पाय अर्ध्या मीटरवर, मागचे दोन मीटरवर. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांत ४२ व्होल्टचा फरक पडला. गायीच्या अंगाचा रोध साधारण ५०० ओम धरतात, म्हणजे तिच्यातून ८० मिलिअँपिअरहून जास्त करंट जाणार, आणि तो पुढच्या पायातून मागच्या पायात जाताना मधल्या हृदयातून जाणार. तिथेच उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांत अंतर कमी, म्हणून दाबाचा फरकही कमी. पायात चप्पल असते, आणि एका पायातून दुसऱ्या पायात जाणारा करंट हृदयाला फारसा शिवत नाही. म्हणून विजेच्या खांबापाशी किंवा ताणाच्या तारेपाशी बैल पडतो आणि त्याचा कासरा धरलेला माणूस उभा राहतो. यात दैव वगैरे काही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेच्या हार्दांगरविद्दा पठारावर वीज पडून ३२३ रेनडिअर एकाच वेळी मेले. तिथेही जमिनीतून पसरलेल्या विजेने त्यांना पायांतूनच गाठलं, असं जाणकारांचं मत पडलं.

तुटलेल्या तारेजवळ मोठी पावलं टाकू नका, असं सांगतात, त्याचंही कारण हेच. पाय जुळवून, अगदी छोटी छोटी पावलं सरकवत मागे जायचं. धावायचं नाही.

गायींचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं सांगायला हवं. तिथे न्यूट्रलची तार वाटेत ठिकठिकाणी जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे काही करंट कायमच मातीतून फिरत असतो. गाय पाण्याच्या टाकीला तोंड लावते, पाय ओल्या काँक्रीटवर असतात, आणि या दोहोंत एक-दोन व्होल्टचा फरक असला तरी तिला चटका जाणवतो. ती पाणी प्यायला कचरते, दूध काढताना बिथरते. यावरून शेतकरी आणि वीज कंपन्या यांच्यात वर्षानुवर्षं खटले चालले. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९१ मध्ये या विषयावर एक आख्खं पुस्तकच काढलं. विस्कॉन्सिनच्या नियामकांनी गायीच्या अंगातून २ मिलिअँपिअर ही चिंतेची पातळी धरली. उपाय सोपा निघाला: गोठ्याच्या फरशीखाली लोखंडी जाळी घालायची आणि ती जाळी, दावणीचे पाइप, पाण्याची टाकी, दूध काढायचं यंत्र हे सगळं एकमेकांना तारेने जोडायचं. मग दाब कितीही असो, गायीच्या तोंडाशी आणि पायाशी तो सारखाच राहतो, आणि फरक नाही म्हणजे करंट नाही. आपल्याकडे एक-दोन व्होल्टवर वाद घालायची चैन परवडणारी नाही. आपल्या गोठ्यात कडबाकुट्टीच्या बॉडीवर शंभर-दीडशे व्होल्ट येतात. पण ही जाळी आपल्यालाही तितकीच उपयोगी आहे. नवा गोठा बांधताना काँक्रीट ओतायच्या आधी ती टाकली तर खर्च नगण्य, नंतर फरशी फोडून टाकायची म्हटलं तर कोणीच टाकत नाही.

आता विहिरीकडे जाऊ. पूर्वी मोटर काठावर किंवा विहिरीतल्या ओट्यावर असे, आणि लोखंडी पाइप पाण्यात उतरलेला असे. आता पाण्यात बुडणारी सबमर्सिबल आली आणि लोखंडाच्या जागी काळा प्लॅस्टिकचा पाइप आला. तो गंजत नाही, हलका असतो, स्वस्त पडतो. पण तो वीज वाहून नेत नाही. मोटरला जाणारी चपटी केबल तीन तारांची असते, तीन फेजच्या तीन. अर्थिंगची चौथी तार तिच्यात नसते. परिणामी बऱ्याच ठिकाणी काठावरच्या स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग आहे, आणि पाण्यातल्या मोटरला काहीच नाही. केबलचा जोड पाण्यात सुटला किंवा मोटर आतून खराब झाली, की करंटला परतीची एकच वाट राहते: विहिरीचं पाणी, मग दगडी कठडा, मग माती.

अशा विहिरीत पोरं पोहायला उतरतात. गोडं पाणी हे करंटला अवघड माध्यम आहे, आणि माणसाचं शरीर आतून खारट, म्हणून सोपं. त्यामुळे पाण्यातून जाणारा करंट पोहणाऱ्याच्या अंगात गोळा होतो. समुद्रात याच्या उलट होतं. खारं पाणी शरीरापेक्षा चांगलं वाहक, म्हणून करंट पोहणाऱ्याला बाजूने टाळून जातो. (याचा अर्थ खाडीकाठी निश्चिंत राहावं, असा नाही. खारी हवा जोड आणि खिळे खाऊन बिघाड जास्त करते.) अमेरिकेत गोड्या पाण्याच्या तळ्यांवर बोटींना काठावरून वीज दिलेली असते आणि तिथे असे मृत्यू बरेच झाले आहेत. तिथल्या तटरक्षक दलासाठी झालेल्या अभ्यासात, गोड्या पाण्यात फुटाला २ व्होल्ट एवढा फरक माणसाला लुळा करायला पुरेसा मानला गेला. स्नायू आखडतात, हात-पाय मारता येत नाहीत, आणि चांगला पोहणारा बुडतो. अंगावर भाजल्याची खूण बहुधा नसते, म्हणून अशा मृत्यूची नोंद 'पाण्यात बुडून' अशीच होण्याची शक्यता फार. मग वाचवायला उडी मारणारा दुसराही जातो. म्हणून विहिरीत कोणी अचानक ताठला, तर उडी मारायची नाही. आधी मेन स्विच पाडायचा, मगच दोर, ट्यूब किंवा कोरडा बांबू.

यात आणखी एक आपली खास भर आहे: ऑटो स्विच. लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून तो बसवतात, कारण शेतीची लाईट कधी येईल ते सांगता येत नाही. लाईट नाही म्हणून दुपारी पोरं विहिरीत उतरतात, आणि लाईट येते. माझं स्पष्ट मत आहे, की पोहायच्या विहिरीवर ऑटो स्विच नसावाच. असेल तर पोहण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवावेत.

नदीकाठच्या मोटरी पुराच्या वेळी ओढून वर घ्याव्या लागतात आणि पाणी उतरलं की परत खाली न्याव्या लागतात. या ओढाताणीत केबलीला घासा लागतो, घाईत मारलेले जोड चिखलात पडून राहतात. ओल्या गवतातून केबल हाताळायची ती मेन बंद करून, मोटर नुसती थांबवून नव्हे.

घरातली गोष्ट वेगळी नाही. विदर्भ-खानदेशात उन्हाळ्यात घरोघरी लावला जाणारा पत्र्याचा कूलर म्हणजे पाण्याची टाकी, पंप आणि लोखंडी बॉडी एकत्र. त्याला बहुतेक वेळा दोन पिनांचा प्लग लावलेला असतो, म्हणजे अर्थिंगचा प्रश्नच मिटला. पाणी भरताना प्लग काढलाच पाहिजे, बटण बंद करून भागत नाही. कपडे वाळत घालायची लोखंडी तार पत्र्याच्या शेडला बांधलेली असते, आणि त्याच पत्र्यावर खांबावरून आलेली सर्व्हिस वायर वाऱ्याने घासत असते. पावसाळ्यात ओले कपडे टाकायला गेलेली बाई त्या तारेला चिकटते. तिथे नायलॉनची दोरी बांधली, की प्रश्न संपतो.

मग खरा उपाय काय? तो दिला कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी. किती करंटला माणसाचा हात सुटेनासा होतो, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांत १०.५. म्हणजे १६ हजारांश अँपिअर! आणि आपला फ्यूज कित्येक अँपिअरची वाट पाहत बसलेला. फ्यूज मोटर आणि तारा वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. १९६१ मध्ये डॅल्झिएल यांनी ५ मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारं यंत्र बनवलं. १९६८ मध्ये अमेरिकेच्या वीजसंहितेत ते जलतरण तलावातल्या दिव्यांसाठी आलं. त्याची सुरुवात पाण्याजवळ झाली, हे योग्यच झालं.

आपल्याकडे त्याच जातीच्या यंत्राला आरसीसीबी म्हणतात. ते किती करंट जातो हे मोजत नाही. गेलेला आणि परत आलेला यांचा मेळ पाहतं, एसटीचा कंडक्टर चढलेली आणि उतरलेली डोकी मोजतो तसं. तीन फेजच्या मोटरीतही तिन्ही फेजांची बेरीज शून्य यायला हवी. ती आली नाही, म्हणजे काही करंट जमिनीच्या वाटेने गेला. ठरलेल्या मर्यादेच्या वर फरक गेला, की निमिषात वीज बंद. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. शेतातली केबल लांब आणि ओली असते, थोडी गळती नेहमीच असते, म्हणून तिथे मोटरसाठी १०० मिलिअँपिअरचा बरा पडतो.

आता मघाचा कातळ आठवा, ३५० ओमचा. एवढ्या वाईट अर्थिंगमधूनही २३० व्होल्टला अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट जातो, म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या पाचपटीहून जास्त. फ्यूजला जे अर्थिंग सर्वस्वी निरुपयोगी होतं, तेच आरसीसीबीला भरपूर पुरतं. म्हणून माझा निकाल असा: शेतकऱ्याकडे ठरावीकच पैसे असतील, तर दुसरा अर्थिंगचा खड्डा करण्याआधी त्याने आरसीसीबी बसवावा. मोटर एकदा भरून घ्यायला जेवढा खर्च येतो, त्याच्या आसपासच तो पडतो. पण पहिला खड्डा हवाच. मोटरच्या बॉडीपासून अर्थिंगपर्यंत तार असली, तर बिघाड होताक्षणी, कोणी हात लावायच्या आधीच वीज तुटते. तार नसेल तर तुटायला कोणाचा तरी हात लागावा लागतो. सबमर्सिबललाही केबलबरोबर एक वेगळी अर्थिंगची तार खाली सोडावी.

काही वायरमन सोपा मार्ग म्हणून मोटरची बॉडी न्यूट्रललाच जोडून देतात. शेतात हे कधीही करू देऊ नका. डीपीपाशी न्यूट्रल तुटला, की त्या जोडणीतूनच बॉडीवर वीज येते. तसंच जमिनीत खिळा ठोकून तिला न्यूट्रल करणं आणि एका फेजवर बल्ब लावणं. बल्ब लागतो, स्टाइनहाइल यांचं तारायंत्र चाललं तसाच. पण खिळा उपटायला गेलेल्याच्या हातात तो बल्बचा सगळा करंट येतो. शिवाय त्या जोडणीवर आरसीसीबी असेल तर तो टिकणारच नाही, आणि मग लोक आरसीसीबीच काढून टाकतात. रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाईट सोडणं हा तर अपघात नव्हे, गुन्हा आहे. झटका मशीन सेकंदाला एखादा क्षणभराचा ठोका देतं आणि त्याची ऊर्जा मर्यादित असते, म्हणून ते वेगळं.

आरसीसीबीच्याही मर्यादा आहेत. तो ज्या जागी बसवला आहे, तिथून पुढच्याच तारांवर त्याची नजर असते. डीपीत चढून स्वतः फ्यूज टाकणाऱ्याला, आकडा टाकणाऱ्याला किंवा तुटून पडलेल्या ११ हजारांच्या तारेजवळ गेलेल्याला तो वाचवत नाही. तिथे लांब राहून १९१२ या वीज तक्रारीच्या क्रमांकावर फोन करणं एवढंच हाती आहे.

प्रत्येक आरसीसीबीवर टेस्ट असं लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर तो डबा नुसता शोभेचा. तीन फेजच्या मोटरीवर न्यूट्रल न जोडता चार पोलचा आरसीसीबी बसवला असेल, तर काही बनावटींत हे बटण चालत नाही. बसवतानाच वायरमनला आकृती दाखवून ते चालेल असं जोडून घ्या. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला, कॅलेंडरचं पान उलटताना, ते बटण एकदा दाबा.